डेअर, डी, दास आणि तिशीतला मेंदू

जर्मन भाषेत चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. ताटाशेजारच्या तीन वस्तू, तिघांची तीन लिंगं आणि प्रत्येकीच्या आधी वेगळा शब्द: डेअर ल्योफेल, डी गाबेल, दास मेसर. सध्या महाराष्ट्रात बरेच जण हे घोकत बसलेत. २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि जर्मन ही फक्त पुण्यातल्या कॉलेजकुमारांची भाषा राहिली नाही. पंचविशी-तिशी ओलांडलेले नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हरही ए-वन, ए-टू, बी-वन या भाषा-परीक्षांच्या चढत्या पायऱ्यांचा हिशेब करू लागले. आणि त्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: "शब्द राहतात हो लक्षात, पण व्याकरण डोक्यात शिरत नाही. लहानपणीच शिकायला हवं होतं."

या तक्रारीचा दुसरा भाग अर्धा खरा आहे. पहिला मात्र बहुतांशी चुकीचा. व्याकरण डोक्यात शिरतं, आणि अनेकदा शिकणाऱ्याला पत्ता लागायच्या आधीच शिरतं. हे कशावरून म्हणायचं, ते बघू.

तुम्हाला कुणीच न शिकवलेलं व्याकरण

देऊळ, पण देवळात. विहीर, पण विहिरीत. पाणी, पण पाण्यात. प्रत्यय लागण्यापूर्वी नामाचं रूप असं बदलतं, त्याला आपण शाळेत 'सामान्यरूप' म्हणायला शिकलो. शिकलो ते फक्त नाव. 'देवळात' म्हणायला आपण त्याच्या कितीतरी आधी लागलो होतो. शाळेचं तोंड न पाहिलेली आजीसुद्धा 'देऊळात' म्हणत नाही, आणि कुणी म्हटलं तर तिला ते खटकतं. का खटकलं, हे तिला सांगता येणार नाही. मराठीत एम.ए. केलेल्यांपैकीही अनेकांना चटकन सांगता येणार नाही.

हे खटकणं म्हणजेच खरं व्याकरण. पुस्तकातला नियम हे त्याचं मागाहून केलेलं वर्णन. मग प्रश्न असा उरतो, की तिशीत जर्मन शिकणाऱ्याला फक्त वर्णन पाठ होतं, की त्यालाही कधी खटकू लागतं?

दोन प्रकारची आठवण

१९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या तरुणाच्या मेंदूवर अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली. दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे कानशिलामागे खोलवर असलेल्या एका छोट्या भागाचा, बराचसा हिस्सा काढला गेला. त्यानंतर त्याला नवीन काही लक्षात राहीना. भेटलेला माणूस थोड्या वेळाने त्याला पुन्हा अनोळखी. ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञाने त्याला आरशात बघत चांदणीची आकृती गिरवायला दिली. हे भल्याभल्यांना जमत नाही, कारण हात उलटा जातो. मोलेसनचा हात मात्र दिवसागणिक सुधारत गेला. गंमत अशी, की हे आपण याआधी कधी केलं होतं, याची त्याला अजिबात आठवण नव्हती.

यातून दिसलं, की माहिती साठवणारी स्मृती वेगळी आणि सवय साठवणारी वेगळी. शास्त्रज्ञ त्यांना डिक्लरेटिव्ह आणि प्रोसिजरल म्हणतात. आपण जाणती स्मृती आणि सवयीची स्मृती म्हणू. पोळीची कृती वहीत लिहून ठेवता येते: कणीक इतकी, तेल इतकं, अर्धा तास झाकून ठेवा. ती वही तोंडपाठ असलेल्या माणसाचीही पहिली पोळी नकाशाच होते. आणि वीस वर्षं पोळ्या लाटणाऱ्याला 'लाटण्याला दाब किती द्यायचा' असं विचारलंत, तर तो "असा" म्हणून लाटून दाखवेल.

मायकेल उलमन या अमेरिकी संशोधकाने हाच धागा भाषेला लावला. त्याचं म्हणणं असं: मातृभाषेतले शब्द जाणत्या स्मृतीत असतात आणि व्याकरण मुख्यतः सवयीच्या. मोठेपणी नवी भाषा शिकताना मात्र व्याकरणही सुरुवातीला जाणत्या स्मृतीतच साठतं. 'तू' बरोबर क्रियापदाचं अमुक रूप येतं, ही गोष्ट शब्दार्थासारखीच एक माहिती म्हणून लक्षात ठेवली जाते. सराव झाला, की हळूहळू काम सवयीकडे सरकतं. निदान सरकू शकतं. उलमनची ही मांडणी सगळ्यांना मान्य आहे असं नाही, पण पुढचे प्रयोग समजायला तिचा उपयोग होतो.

खटकणं मोजता येतं

डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी चढवली, की मेंदूतल्या विद्युत हालचाली सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत टिपता येतात. १९८० मध्ये मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी लोकांना 'त्याने गरम पावाला मोजे फासले' अशा धाटणीची वाक्यं वाचायला दिली. 'मोजे' या शब्दानंतर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी आलेखात एक ठळक ऋण लाट दिसली. तिचं नाव एन-४००. शब्दाचा अर्थ जुळला नाही, की ती मोठी होते.

व्याकरण चुकलं, तर वेगळी लाट येते. 'मी पोळी खाल्ला' हे वाक्य घ्या. अर्थात काही गोंधळ नाही, तरी कान टवकारतात. युरोपीय भाषांमधल्या अशाच चुकांवर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जे प्रयोग झाले, त्यांत सुमारे ६०० मिलिसेकंदांनी एक धन लाट आढळली: पी-६००. ऐकणारा चूक आहे म्हणो वा न म्हणो, त्याच्या मेंदूने वाक्याची जुळणी पुन्हा तपासायला घेतल्याची ही खूण मानली जाते.

म्हणजे 'खटकतं का?' हे आता माणसाला न विचारताही कळू शकतं. आणि खरी मजा तिथूनच सुरू होते.

मेंदूला आधी कळतं, माणसाला नंतर

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ली ऑस्टरहाउट आणि ज्युडिथ मॅकलॉफलिन यांच्या गटाने फ्रेंचच्या पहिल्या वर्षाला बसलेले, इंग्रजी बोलणारे विद्यार्थी निवडले. आधी शब्दांची परीक्षा. खरे फ्रेंच शब्द आणि फ्रेंचसारखे दिसणारे बनावट शब्द समोर ठेवले आणि खरा कोणता ते विचारलं. सरासरी १४ तासांच्या शिकवणीनंतर त्यांची उत्तरं निव्वळ अंदाजपंचे होती. पण टोपी वेगळंच सांगत होती. खऱ्या आणि बनावट शब्दांना मेंदू वेगवेगळा प्रतिसाद देत होता.

मग व्याकरण. फ्रेंचमध्ये कर्ता बदलला, की क्रियापदाचं शेपूट बदलतं. ते चुकवलेली वाक्यं दाखवल्यावर, सुमारे महिनाभर शिकलेल्या अनेकांच्या मेंदूत लाट उठली, पण ती एन-४००! म्हणजे 'अर्थ जुळत नाही' वाली. वर्ष पुढे सरकलं तशी त्याच विद्यार्थ्यांत, त्याच प्रकारच्या चुकीला पी-६०० दिसू लागली. याचा सरळ अर्थ संशोधकांनी असा लावला, की आधी कर्ता-क्रियापदाची जोडी एका अखंड शब्दासारखी पाठ झालेली असते. तशी जोडी ऐकलेली नाही, म्हणून मेंदू अडखळतो. नंतर ती जोडी फुटते, शेपूट सुटं होतं आणि नियम म्हणून कामाला लागतं.

याच गटाने जर्मन शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांनाही तपासलं. पहिल्या वर्षात काहींचा मेंदू अजून पाठ केलेल्या जोड्यांवर चालत होता, काहींचा नियमाकडे वळला होता आणि बाकीचे या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांमध्ये पी-६०० स्पष्ट होती. एकाच बाकावर बसलेली दोन माणसं एकाच धड्याला असा निरनिराळा प्रतिसाद देतात, ही गोष्ट क्लासच्या जाहिरातींनी लक्षात घ्यायला हवी. 'नव्वद दिवसांत जर्मन' कोणाच्या मेंदूचे नव्वद दिवस?

नताशा टोकोविच आणि ब्रायन मॅकव्हिनी यांचा २००५ चा प्रयोग याहून बोलका आहे. स्पॅनिशच्या सुरुवातीच्या वर्गातल्या इंग्रजी भाषकांना वाक्यं बरोबर की चूक ते विचारलं. त्यांची उत्तरं छापा-काट्याच्या आसपासच. पण काही प्रकारच्या चुकांना त्यांच्या मेंदूत पी-६०० उठत होती. तोंडाने 'बरोबर आहे' म्हणणाऱ्याचा मेंदू 'काहीतरी चुकलंय' म्हणत होता.

काही प्रकारच्याच चुकांना का? इथे मातृभाषा येते

टोकोविच-मॅकव्हिनींनी तीन जातींचे नियम घेतले होते. दोन्ही भाषांत सारखे असलेले. नव्या भाषेतच असलेले, जसं नामाचं लिंग, जे इंग्रजीत नाहीच. आणि दोन्हीकडे असून वेगळ्या रीतीने चालणारे. पहिल्या दोन जातींच्या चुका मेंदूने पकडल्या. तिसऱ्या जातीच्या निसटल्या. अगदी परकी गोष्ट नवी म्हणून नोंदली जाते. अर्धवट ओळखीची गोष्ट जुन्या सवयीत मिसळून जाते.

आता आपल्या नर्सताईंकडे वळू. मराठी माणूस जर्मनकडे इंग्रजीच्या चष्म्यातून बघतो, कारण क्लासमधली पुस्तकं बहुतेक इंग्रजी धाटणीची. त्यामुळे जे आपल्याला फुकट मिळालंय, तेही अवघड म्हणून शिकवलं जातं. 'वाइल इश म्यूडे बिन', म्हणजे शब्दशः 'कारण मी दमलेली आहे'. क्रियापद शेवटी. इंग्रजी भाषकाला ही कसरत वाटते. आपलं वाक्य मुळातच असं चालतं. तीन लिंगं आपल्याकडे आहेत. विभक्ती आपल्याकडे आहे: डेअरचं डेन, डेम होतं आणि चमचाचं चमच्याला, चमच्याने. विशेषणही आपल्याकडे नामाबरोबर वाकतं, चांगला मुलगा आणि चांगल्या मुलाला.

अडचण जिथे आपल्याला वाटत नाही तिथे असते. मुख्य वाक्यात जर्मन क्रियापद दुसऱ्या जागेचा हट्ट धरतं: 'हॉयटे काउफे इश ब्रोट', म्हणजे 'आज घेते मी पाव'. आपण 'आज मी' म्हणून मोकळे होतो आणि क्रियापद मागे राहतं. आणि लिंगाचं काय? कल्पना ओळखीची, वाटप निराळं. चमचा दोन्हीकडे पुल्लिंगी, म्हणून तो सोपा गेला. काटा आपल्याकडे पुल्लिंगी, तिकडे स्त्रीलिंगी. सुरी आपल्याकडे स्त्रीलिंगी, तिकडे नपुंसक. माझ्या मते मराठी शिकणाऱ्याने जास्त घाम इथे गाळावा. लिंग म्हणजे काय हे समजून घेण्यात त्याचा वेळ जात नाही, पण ते आपोआप मराठीप्रमाणे लागतं आणि लागलेलं कळतही नाही. हिंदी भाषक मराठी शिकताना 'माझी पुस्तक' म्हणतो, त्याचंही मूळ हेच. त्याच्या भाषेत दोन लिंगं आहेत, तिसऱ्याला जागाच नाही.

मग वयाचा काहीच संबंध नाही का?

आहे. १९६७ मध्ये एरिक लेनेबर्गने मांडलं, की मातृभाषेसारखी भाषा उचलण्याची क्षमता पौगंडावस्थेच्या आसपास ओसरते. १९८९ मध्ये जॅकलिन जॉन्सन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी अमेरिकेत स्थायिक झालेल्या ४६ कोरियन आणि चिनी भाषकांची इंग्रजी व्याकरणाची परीक्षा घेतली. सात वर्षांच्या आत आलेले तिथल्या लोकांच्या बरोबरीने होते. त्यापुढे येण्याचं वय वाढलं तसे गुण घसरत गेले. २०१८ मध्ये जोशुआ हार्टशॉर्न, जोश टेनेनबाउम आणि स्टीव्हन पिंकर यांनी इंटरनेटवरून सुमारे ६ लाख ७० हजार लोकांची इंग्रजी व्याकरणाची चाचणी घेतली. व्याकरण शिकण्याचा वेग साधारण १७.४ वर्षांपर्यंत टिकतो आणि मग झपाट्याने उतरतो, असा त्यांचा निष्कर्ष.

त्या आकड्याच्या बातम्या झाल्या, मीम झाले. पण १७-१८ हे वय शाळा सुटण्याचं, घर सोडण्याचं, पोटामागे लागण्याचंही असतं. उतार मेंदूचा की आयुष्याचा, हे त्या माहितीवरून सुटं करता येत नाही, आणि लेखकांनी ही शक्यता नाकारलेली नाही. २०२१ मध्ये दुसऱ्या गटाने तीच माहिती पुन्हा तपासली, तेव्हा सगळ्यांसाठी एकच कडा न सापडता अनेक शिकणाऱ्यांमध्ये सावकाश उतरण दिसली.

उच्चाराची गोष्ट निराळी. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये इंग्रजी घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा-आठ महिन्यांची मुलं दोन्ही वेगळे ओळखत होती, वर्षाच्या आसपास ते जवळजवळ गेलं होतं. परक्या माणसाच्या तोंडचा 'टुमी' ऐकून त्याचं व्याकरणही कच्चं समजायचं, ही आपलीच गफलत.

आणि मोठा मेंदू निबर झालेला नसतो. स्वीडनच्या लष्करी दुभाषी अकादमीत तरुण भरतीवाल्यांना अरबी, रशियन, दारी अशा भाषा रगडून शिकवतात. तीन महिन्यांनी त्यांचा हिप्पोकॅम्पस आकाराने वाढलेला आढळला. तेवढीच मेहनत घेऊन इतर विषय शिकणाऱ्या विद्यार्थ्यांत तशी वाढ नव्हती. मोलेसनने गमावलेला होता तोच हा भाग, जाणत्या स्मृतीचा.

नियम पाठ करणं वाया जातं का?

कारा मॉर्गन-शॉर्ट आणि सहकाऱ्यांनी प्रौढांना एक बनावट भाषा शिकवली. संगणकावर सोंगट्यांचा खेळ, आणि प्रत्येक चाल त्या भाषेत सांगायची. एका गटाला नियम समजावले, दुसऱ्याला फक्त भरपूर उदाहरणं दिली. शेवटी दोघेही सारखेच तयार झाले. मात्र मातृभाषकांसारखी मेंदूची ठेवण फक्त उदाहरणंवाल्यांत दिसली. तीन ते सहा महिन्यांनी, मध्ये काहीही सराव न करता, त्यांना पुन्हा बोलावलं, तर दोन्ही गटांची ठेवण मातृभाषकांच्या आणखी जवळ गेली होती.

यावरून 'नियम नकोतच' असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. ती भाषा इवलीशी होती, खेळाच्या पटाबाहेर तिला जग नव्हतं. जर्मनसारख्या अफाट भाषेत तिशीतल्या माणसाकडे उदाहरणांत डुंबत राहायला वेळ कुठून येणार? नियमामुळे कान कुठे द्यायचा ते कळतं. पण नियम कळला की काम झालं, असं समजून पुढच्या धड्याकडे धावणारे क्लास खरा घोटाळा करतात.

मेंदू नियमानियमांतही फरक करतो, हेही ऐकण्याजोगं आहे. मारियाक्रिस्टिना मुस्सो आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये जर्मन भाषकांना इटालियन आणि जपानीचे काही खरे नियम शिकवले आणि काही असे, जे जगातल्या कुठल्याच भाषेत नसतात. उदाहरणार्थ, नकार हवा तर वाक्यातल्या तिसऱ्या शब्दानंतर 'नाही' घाला. लोक दोन्ही प्रकार शिकले. पण कपाळाच्या डाव्या बाजूला असणारा ब्रोका भाग, ज्याचा भाषेशी संबंध १८६१ पासून ठाऊक आहे, तो शिकण्याच्या प्रमाणात जागा झाला तो फक्त खऱ्या नियमांसाठी. म्हणजे प्रौढ मेंदूलाही भाषेचं व्याकरण आणि कोडं यांतला फरक कळतो.

वीस वर्षं राहूनही काहींना का येत नाही?

युरोपात स्थलांतर केलेल्या ४० प्रौढांचा माग वोल्फगांग क्लाइन आणि क्लाइव्ह पर्ड्यू यांच्या प्रकल्पाने काही वर्षं काढला. ब्रिटनमध्ये इंग्रजी शिकणारे पंजाबी, जर्मनीत जर्मन शिकणारे तुर्की वगैरे. सगळ्यांनी आधी एक कामचलाऊ बोली उभी केली: शब्द बरोबर, क्रम ठीक, प्रत्यय गायब. साधारण एक तृतीयांश लोक तिथेच थांबले. त्यांचं भागत होतं.

आपण मराठी लोक हिंदीत हेच करतो. 'मेरेको', 'बस आया', 'दही खट्टी है' यावर आयुष्य निघतं, कारण समोरच्याला कळतं. व्याकरणाच्या बऱ्याच खुणा अर्थासाठी लागतच नाहीत, म्हणून मेंदू त्यांच्यावर खर्च करायला टाळतो. जर्मन वॉर्डात 'डेअर'च्या जागी 'दास' आल्याने रुग्णाचं काही बिघडणार नाही. बी-टूच्या परीक्षकाचं बिघडेल, आणि तो धाकच काही जणांना पुढे नेतो.

तर मग पहिलीपासूनच का शिकवू नये?

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचा आदेश निघाला, जूनअखेर तो मागे घेतला गेला. दरम्यानच्या वादात 'लहान मुलं भाषा पटकन उचलतात' हे वाक्य इतक्यांदा आलं, की ते तपासायचं राहूनच गेलं. राजकारण बाजूला ठेवू. लहान मुलं भाषा उचलतात, पण पटकन नाही. रोज आठ तास कानावर पडते असं धरलं, तर पाच वर्षांच्या मुलाने मातृभाषेला साडेचौदा हजार तास दिलेले असतात. हॉलंडमध्ये राहायला आलेल्या इंग्रजी कुटुंबांचा १९७० च्या दशकात अभ्यास झाला. सुरुवातीच्या महिन्यांत डच शिकण्यात किशोरवयीन आणि मोठे पुढे होते, तीन ते पाच वर्षांची मुलं सगळ्यांत मागे. मुलं पुढे गाठतात, पण त्यासाठी ती भाषा गल्लीत, घरात, खेळात सतत असावी लागते.

ती फक्त तासिकेपुरती असेल तर? कार्मेन मुन्योस यांच्या नेतृत्वाखाली बार्सिलोनात शाळेतून इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा दीर्घ अभ्यास झाला. आठव्या वर्षी सुरुवात केलेली आणि अकराव्या वर्षी सुरुवात केलेली मुलं, शिकवणीचे तास सारखेच झाल्यावर तपासली. उशिरा सुरू केलेली पुढे होती, आणि व्याकरणात तर ठळकपणे. मोजक्या तासांत जाणती स्मृती कामाला येते, आणि ती सहा वर्षांच्या मुलापेक्षा अकरा वर्षांच्या मुलाकडे जास्त असते. आणि दिवसाची ड्युटी संपवून संध्याकाळी सातच्या जर्मन वर्गाला बसलेल्या बत्तीस वर्षांच्या नर्सकडे त्याहूनही जास्त.